शंखशिंपले वेचणाऱ्यांसाठी सॅनिबेल: एका बेटाचे परीक्षण

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील सॅनिबेल हे लहानसे बेट शंखशिंपल्यांसाठी जगभर ओळखले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे ऑर्लँडो आणि मायामी पाहून परत फिरतात, आणि या दोन शहरांपासून मोटारीने तीन-साडेतीन तासांवर असलेले सॅनिबेल त्यांच्या यादीत सहसा नसते. शंखशिंपल्यांची मनापासून आवड असलेल्या माणसाने एवढी वाट वाकडी करावी का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. शिंपले भरपूर मिळतात हे त्याचे एक कारण झाले. मोठे कारण असे, की हातात आलेला शिंपला कोणत्या प्राण्याचा, तो कसा जगला, कोणी मारला आणि येथवर कसा वाहून आला, हे एकाच ठिकाणी समजून घेण्याची सोय या बेटाइतकी मी इतरत्र पाहिलेली नाही.

प्रथम भूगोल, कारण येथील सारी समृद्धी त्यातून आलेली आहे. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यालगत वाळूची जी लांबट बेटे आहेत ती बहुतेक किनाऱ्याला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. साधारण १९ किलोमीटर लांबीचे सॅनिबेल मात्र वळून पूर्व-पश्चिम झाले आहे, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातून दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाहांना आणि लाटांना ते आडवे पडते आणि त्यांनी वाहून आणलेले सारे काही अडवून धरते. दुसरी गोष्ट म्हणजे येथील समुद्रबूड जमीन फार रुंद आणि अत्यंत मंद उताराची आहे. उथळ, कोमट, वालुकामय तळावर असंख्य मृदुकाय प्राणी वाढतात आणि त्यांची कवचे किनाऱ्याकडे सरकत येताना वाटेत त्यांना फोडणारे खडक लागत नाहीत. नाजूक टोके आणि पातळ कडा शाबूत राहिलेले शंख येथे इतक्या संख्येने का मिळतात, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाला येथे एक जुळवून घ्यावे लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरच्या पुढे जाते, पाणी लांबवर मागे हटते आणि खडपे उघडी पडतात. सॅनिबेलला हेच अंतर जेमतेम पाऊण-एक मीटर असते. त्यामुळे ओहोटीनंतर विस्तीर्ण पुळण मोकळी होईल आणि त्यावर निवांत हिंडता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. येथे पाहायचे असते ते लाट फुटते त्या ओळीत, घोटाभर पाण्यात, आणि आदल्या भरतीने जेथे शेवाळ व काड्या टाकल्या त्या पट्ट्यात. ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर असावे आणि पाणी पुन्हा चढू लागेपर्यंत थांबावे, हा येथील जुन्या संग्राहकांचा शिरस्ता अगदी योग्य आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस येथेही चांगले. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवा आणि जोराचा वारा येऊन गेल्यावरची सकाळ त्याहूनही चांगली, कारण तळावरचे शिंपले अशा वाऱ्यानंतर मोठ्या प्रमाणावर किनाऱ्याला लागतात. डिसेंबर ते एप्रिल हा काळ हवामानाच्या दृष्टीनेही सुखाचा असतो, मात्र राहण्याचे दर याच काळात सर्वांत चढे असतात.

बेटावरील किनाऱ्यांपैकी बोमन्स बीच मला सर्वांत आवडला. गाड्या उभ्या करण्याच्या जागेपासून झाडीतून थोडे चालावे लागते, पाणवठ्यावरचा पूल ओलांडावा लागतो आणि त्यामुळेच येथे गर्दी विरळ असते. दोन्ही बाजूंना एकही इमारत दिसत नाही. पश्चिमेकडे चालत गेल्यास शिंपल्यांचे थर दाट होत जातात. पूर्व टोकाचा दीपगृहाजवळचा किनारा बारीक शिंपल्यांसाठी उत्तम आहे, आणि ज्यांना तांदळाच्या दाण्याएवढे पूर्ण घडलेले शंख पाहण्याची हौस आहे त्यांनी तेथे वाळूवर बसूनच वेचावे. सॅनिबेल आणि शेजारचे कॅप्टिव्हा बेट यांच्यामधील ब्लाइंड पास या खाडीच्या तोंडाशी शिंपल्यांचे ढीग साचतात, परंतु तेथील प्रवाह जोरदार असल्याने पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. लहान मुले बरोबर असतील तर हा किनारा वगळावा.

आता प्रत्यक्ष काय मिळते ते सांगतो. येथे अडीचशेहून अधिक प्रकारचे शिंपले आढळतात असे सांगितले जाते. पहिल्याच फेरीत हाती लागतात ते कोकीना नावाचे, बोटाच्या पेराएवढे, जांभळ्या-पिवळ्या-गुलाबी किरणांचे दुदळी शिंपले, ठिपक्यांचे कॅलिको स्कॅलप, तांबूस जाडसर फायटिंग काँक आणि मांजरीच्या पंजासारखे दिसणारे किटन्स पॉ. जिंगल शेल या नावाचे पातळ, अभ्रकासारखे चमकणारे, पिवळे-नारिंगी शिंपलेही विपुल असतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पारभासक शिंपले बसवलेले असतात त्यांचे हे जवळचे नातेवाईक आहेत, आणि उजेडासमोर धरल्यावर ते नाते लगेच पटते. अनेक दुदळी शिंपल्यांना बिजागरीजवळ एक नेटके, गोल, आतल्या बाजूस निमुळते होत गेलेले भोक असते. मुलांना ते माळेत ओवण्यासाठीच पाडले आहे असे वाटते, पण ते शार्क्स आय या गोगलगायीचे काम असते; ती वाळूखाली शिंपल्याला मिठी मारते, कवच पोखरते आणि आतला प्राणी खाऊन टाकते. थोडी चिकाटी ठेवली तर गुळगुळीत लांबट ऑलिव्ह, पट्ट्यांचे ट्युलिप, चौकोनी तपकिरी ठिपक्यांच्या ओळी मिरवणारे अल्फाबेट कोन आणि क्वचित देवदूताच्या पंखाचे नाव मिळालेला पांढराशुभ्र एंजल विंग हेही मिळतात. फ्लोरिडाचा राज्यशंख असलेला हॉर्स काँक ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि इतर शंखांनाच खाऊन जगतो. त्याची लहान नारिंगी कवचे मिळतात, पूर्ण वाढलेले मात्र फार विरळा.

मराठी वाचकांनी लाइटनिंग व्हेल्क या शंखाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. जगातील बहुसंख्य शंखांची वेटोळी एकाच दिशेने वळतात आणि त्यांचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले तर ते तोंड उजव्या हाताला येते. लाइटनिंग व्हेल्कचे तोंड मात्र डाव्या हाताला असते, आणि तोही अपवाद म्हणून नव्हे, तर त्या जातीचा तो नेहमीचाच घाट आहे. आपल्याकडे पूजेत ज्याला दक्षिणावर्ती शंख म्हणून अपार मोल दिले जाते तो भारतीय शंखाचा असाच उलट वळणाचा अत्यंत दुर्मीळ नमुना असतो. फरक इतकाच, की आपण शंख उलटा, म्हणजे वेटोळ्यांचे टोक खाली आणि पन्हळीचा निमुळता भाग वर धरून पाहतो म्हणून तो उजवा दिसतो. आखातात सहज मिळणारे हे व्हेल्क भारतात दक्षिणावर्ती शंख म्हणून भल्या किमतीला विकले जातात, आणि श्रद्धेने घेणाऱ्याची त्यात शुद्ध फसवणूक होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. अस्सल भारतीय शंखाच्या तोंडातून आत पाहिल्यास मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या दिसतात. व्हेल्कच्या खांबावर अशी घड्यांची ओळ नसते आणि त्याचे कवचही तुलनेने पातळ व हलके असते. सॅनिबेलच्या वाळूत हा शंख स्वतः उचलून पाहिलेला माणूस पुढे या बाबतीत फसणार नाही.

बेटाची सर्वांत मोठी असामी म्हणजे जुनोनिया. फिक्या पिवळसर पांढऱ्या अंगावर गर्द तपकिरी चौकोनी ठिपके असलेला हा शंख किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात राहतो, म्हणून तो क्वचितच वाहून येतो. ज्याला तो सापडतो त्याचे छायाचित्र स्थानिक वृत्तपत्रात येण्याची येथे जुनी प्रथा आहे. मला तो मिळाला नाही, आणि केवळ त्याच्यासाठी सहल आखणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक आहे.

या बेटाविषयी माझा आदर ज्या गोष्टीमुळे वाढला ती म्हणजे येथील नियम. १ जानेवारी १९९५ पासून सॅनिबेलच्या हद्दीत जिवंत प्राणी असलेला शंख उचलून नेण्यास पूर्ण बंदी आहे, आणि ही बंदी सँड डॉलर (नाण्यासारखा चपटा, गोल सागरी प्राणी), तारामासे आणि काटेरी समुद्री अर्चिन यांनाही लागू आहे. शंखाच्या तोंडाशी कठीण झाकण घट्ट मिटलेले दिसले तर आत मालक आहे असे समजावे. आत खेकडा राहत असेल तरी तो शंख रिकामा नव्हे. सँड डॉलर तपकिरी आणि मखमलीसारखा केसाळ असेल तर तो जिवंत असतो, पांढरा आणि गुळगुळीत झालेला तेवढाच घ्यावा. कातडी चकत्यांची लांब माळ वाळूत पडलेली दिसली तर ती कचरा समजून फेकू नये, कारण ती लाइटनिंग व्हेल्कची अंडकोशांची माळ असते आणि एकेका चकतीत वाळूच्या कणांहून थोडे मोठे पण पूर्ण घडलेले असे कितीतरी शंख असू शकतात. जिवंत शंख अलगद, होता त्याच बाजूने, पाण्यात परत ठेवावा. दूर भिरकावू नये. मी पाहिले त्यात किनाऱ्यावरची माणसे हे नियम एकमेकांना नम्रपणे सांगतात आणि पाळतात. आपल्याकडेही २००१ साली अनेक सागरी शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण मिळाले, शिरस्त्राणाच्या आकाराचा मोठा कॅसिस आणि नॉटिलस त्यांत आहेत, परंतु पर्यटनस्थळांवरील दुकानांत गिऱ्हाइकाला याची जाणीव सहसा कोणी करून देत नाही. संग्रह करणाऱ्याला बंदीमुळे काही गमवावे लागते असे मला क्षणभरही वाटले नाही. उलट घरी आणलेल्या प्रत्येक शंखाबद्दल, तो आपल्या हातून मेलेला नाही, हे समाधान राहते.

सॅनिबेलला येऊन बेली-मॅथ्यूज नॅशनल शेल म्यूझियम न पाहणे म्हणजे अर्धी सहल करणे होय. केवळ शंखशिंपले आणि मृदुकाय प्राणी या एका विषयाला वाहिलेले हे संग्रहालय नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाले. बेटावरील जुन्या बेली कुटुंबातील भावांनी आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ त्यासाठी आठ एकर जागा दिली, म्हणून दोघांच्या कुळांची नावे त्याला आहेत. उभारणीचा निधी जमवण्यात नट रेमंड बर यांनी पुढाकार घेतला होता. ते स्वतः हाडाचे संग्राहक होते. अमेरिकेतील शंखांचे मोठे अभ्यासक आर. टकर ॲबट हे संस्थापक संचालक, पण उद्घाटनाच्या थोडे आधी त्यांचे निधन झाले.

आतील मांडणी मला विशेष विचारपूर्वक केलेली वाटली. जगभरातील देखणे नमुने आहेतच, पण त्यांच्या जोडीला त्या प्राण्यांचे जगणे दाखवण्यावर भर आहे. २०२० पासून तेथे जिवंत मृदुकाय प्राण्यांचे मत्स्यालयही जोडले गेले. किनाऱ्यावर ज्याचे रिकामे घर आपण सकाळी पाहिले, त्याला दुपारी काचेपलीकडे मांसल पाय पसरून चालताना पाहिले की दोन्ही गोष्टींचा अर्थ बदलतो. ऑक्टोपस हाही गोगलगाईंच्या गोतावळ्यातला, हे मुलांना एका दृष्टिक्षेपात समजते. या किनाऱ्यावर पूर्वी नांदणाऱ्या कलुसा लोकांविषयीचा भाग मी सर्वांत जास्त वेळ पाहिला. दगड दुर्मीळ असलेल्या या प्रदेशात त्यांनी शंखांपासून हातोडे, पात्रे आणि छिन्न्या केल्या आणि शिंपल्यांच्या राशी रचून वस्तीसाठी उंच जागा तयार केल्या. एकोणिसाव्या शतकात बार्बाडोस बेटावर तयार होऊन खलाशांबरोबर घरोघर पोहोचलेल्या, अष्टकोनी लाकडी पेटीत रंगीत शिंपल्यांची नक्षी भरलेल्या भेटवस्तूंचा संग्रहही आवर्जून पाहावा. रांगोळी आणि मोत्यांच्या कामाची नजर असलेल्या आपल्याकडच्या ज्येष्ठ स्त्रियांना त्यातील हातकाम नेमके कळेल. संग्रहालयातील जाणकारांबरोबर किनाऱ्यावर फिरण्याची सोयही असते. नवख्या माणसाने शक्य असल्यास तिची आधी नोंदणी करावी, कारण नुसत्या चालण्यातून दिवसभरात जे कळत नाही ते अशा एका फेरीत कळते.

बेटावरील आणि आसपासच्या भेटवस्तूंच्या दुकानांबद्दल मात्र सावध राहावे. एका दुकानात सॅनिबेलची आठवण म्हणून परडीत मांडलेल्या शंखांपैकी बहुतेक फिलिपीन्सकडच्या समुद्रातले होते, आणि विचारल्यावर विक्रेत्याने ते मान्यही केले. असे शंख बहुधा जिवंत पकडून, प्राणी मारून, चकाकी कायम ठेवून बाजारात आणले जातात. किनाऱ्यावर रिकामे शिंपले फुकट आणि विनापरवाना मिळत असताना ते विकत घेण्याचे काहीच कारण नाही.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी आलेल्या इयान चक्रीवादळाचा उल्लेख केल्याशिवाय बेटाचे आजचे चित्र पुरे होत नाही. मुख्य भूमीला जोडणारा मार्ग अनेक ठिकाणी तुटला, १८८४ सालच्या लोखंडी दीपगृहाचा एक पाय वाहून गेला आणि त्याच्या रक्षकांची जुनी घरे नाहीशी झाली. रस्ता साधारण तीन आठवड्यांत तात्पुरता जोडला गेला, दीपगृहाचा दिवा पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा लागला आणि संग्रहालय टप्प्याटप्प्याने उघडले. तरीही सावली देणारी पुष्कळ जुनी झाडे गेली आहेत, आणि राहण्याच्या जागा पूर्वीपेक्षा कमी व महाग आहेत. २०२४ च्या वादळांनीही बेटाला पुन्हा तडाखा दिला, म्हणून जाण्यापूर्वी कोणता किनारा उघडा आहे हे नगरपालिकेच्या सूचनांत पाहून घ्यावे.

काही गैरसोयी कायमच्याच आहेत. बेटावर येताना मोटारीला पथकर आणि सार्वजनिक किनाऱ्यांवर गाडी उभी करण्यासाठी तासाच्या हिशेबाने शुल्क पडते. थंडीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर जागा मिळणे कठीण होते आणि बेटावरच्या प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. यावर उत्तम तोड म्हणजे सायकल, कारण सायकलींसाठी वेगळी, सपाट वाट जवळजवळ सर्वत्र आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक चिलटे कडाडून चावतात. उन्हाळ्यात उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासे दडलेले असतात, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे. समुद्रकासवांच्या विणीच्या हंगामात रात्री व पहाटे किनाऱ्यावर विजेरीचा प्रकाश टाकू नये असा नियम आहे. लाल भरती या नावाने ओळखला जाणारा सूक्ष्म शैवालांचा उद्रेक हे खरे संकट म्हणावे लागेल, कारण त्या काळात मेलेले मासे किनाऱ्याला लागतात आणि वाऱ्यानेही घसा व डोळे चुरचुरतात. दमा असलेल्या ज्येष्ठांना अशा दिवसांत मुळीच नेऊ नये. शाकाहारी जेवणाची निवड बेटावर तोकडी आहे, आणि स्वयंपाकघर असलेली जागा घेतल्यास हा प्रश्न सुटतो.

ज्यांना दिवसभर पाण्यात खेळायचे असेल, लाटा हव्या असतील किंवा रात्री उशिरापर्यंतची वर्दळ आवडत असेल, त्यांनी येथे येऊ नये. बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग राखीव आहे, रस्त्यावर एकही वाहतूक दिवा नाही आणि रात्री लवकर सामसूम होते. ज्यांना तासन्‌तास खाली वाकून वाळू न्याहाळण्याचा कंटाळा नाही, ज्यांची मुले प्रत्येक वस्तूचे नाव विचारतात, आणि भारतातून आलेल्या ज्या आईवडिलांना मोठी शहरे पाहून झाली आहेत, त्यांना हे ठिकाण मनापासून आवडेल. ऑर्लँडोहून सकाळी निघून रात्री परतण्याचा बेत मात्र करू नये, कारण सात तास प्रवासात जातात आणि ओहोटीची वेळ आपल्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. निदान दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा, पहिल्या दिवशी संग्रहालय पाहून डोळे तयार करावेत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला बोमन्स बीच गाठावा. बेटावरचे भाडे परवडत नसेल तर पुलाअलीकडे फोर्ट मायर्स येथे स्वस्तात राहता येते, फक्त निघताना उजाडण्यापूर्वीचा तास हिशेबात धरावा.